जाते थांबले, ओवीचे काय?

गावात पिठाची गिरणी आली आणि घराघरांतले जाते थांबले, या घटनेची नोंद महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात श्रमाची बचत म्हणून होते आणि ती बरोबरच आहे. पहाटेच्या काळोखात उठून भरल्या घराचे दळण दळणे हे हौसेचे काम नव्हते. जिच्या तळहाताला घट्टे पडत होते त्या बाईला गिरणीची घरघर सुटकेची वाटली असेल तर त्यात नवल नाही. जात्याविषयी आज हळवे होऊन बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी पायलीभर ज्वारी दळून पाहिली असेल. पण जात्याबरोबर आणखीही एक गोष्ट थांबली आणि तिची नोंद कोणत्याच खातेवहीत झाली नाही. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणत असे. माहेरची ओढ, सासरचा जाच, हातचे गेलेले मूल, भावाची वाट, पंढरीचा विठोबा, असे जे जे घरात कोणाजवळ बोलण्याची सोय नव्हती ते ती जात्याजवळ बोलत असे. समोर खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ किंवा शेजारीण ते ऐकत असे आणि पुढची ओवी घालत असे. दिवस उजाडला की दोघी आपापल्या कामाला लागत. बोललेले कोणी कोणाला सांगत नसे, कारण ते बोलणे नव्हतेच. ते गाणे होते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकात पुण्याहून या ओव्या गोळा करण्यास प्रारंभ केला तेव्हा तिकडे पाहण्याची विद्वानांची दृष्टी प्रामुख्याने लोकवाङ्मयाची होती. त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हजाराहून अधिक गावांतील एक लाखावर ओव्या जमा झाल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संग्रहाने त्या क्रमाक्रमाने लोकांपुढे ठेवल्या आहेत. एक लाख हा आकडा क्षणभर बाजूला ठेवून त्यामागच्या व्यवहाराकडे पाहिले पाहिजे. जिला शाळा मिळाली नाही, जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, अशा बाईने आपले दुःख साडेतीन चरणांत बसविले. रोज बसविले, आणि ते करताना आपण काही निर्मिती करीत आहोत असे तिला वाटलेही नाही. मानसोपचाराच्या ग्रंथांत ज्यास आज भावनांची अभिव्यक्ती म्हणतात, ती या बाईच्या दिनक्रमात होती आणि तिच्यासाठी कोणाला शुल्क द्यावे लागत नव्हते.

येथे राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीतील एक जुनी विसंगती पुन्हा भेटते. घरी दळलेल्या पिठाच्या श्रमाला किंमत नव्हती, म्हणून ते श्रम हिशेबात नव्हते. गिरणीवाल्याने दळणावळ घेतली, ती मात्र हिशेबात आली. ओवीचेही तसेच झाले. ती होती तेव्हा तिची किंमत शून्य धरली गेली, आणि ती गेल्यावर जी पोकळी राहिली तिचीही किंमत शून्यच धरली गेली. आता तीच गरज शहरांत सेवेच्या रूपाने परत आली आहे. रंगकामाची, मातीकामाची, लेखनाची, ढोलवादनाची सत्रे मनःस्वास्थ्याच्या नावाने भरतात, त्यांची शुल्के मध्यमवर्गीयालाही विचार करावयास लावणारी असतात, आणि ज्यांना ती परवडतात त्यांतल्या बऱ्याचजणांचे तेथे भलेही होते. त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती ही की, एके काळी गरिबातल्या गरीब घरात जे फुकट मिळत होते ते आता क्रयशक्ती असलेल्यालाच मिळते, आणि हे कोणाला खटकतही नाही.

निर्मितीने मनाला आराम पडतो, हा केवळ भाबडा समज आहे काय? तसे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयाने आजारी पडून आरोग्यधामात पडला असता चित्रे काढू लागला, मग त्याने शेजारच्या खाटांवरील रुग्णांच्या हाती पेन्सिली दिल्या, आणि १९४२ साली या गोष्टीला त्याने कलोपचार असे नाव दिले. तेव्हा ती एका कलावंताची श्रद्धा होती. त्यानंतर मोजमाप आले. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहावयास बसविले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, तर काहींनी आपल्या आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक प्रसंगावर, त्यातील घटना आणि भावना दोन्ही मांडून. या दुसऱ्या गटातील विद्यार्थी लिहून झाल्या-झाल्या अधिक खिन्न दिसले. पुढील सहा महिन्यांत मात्र महाविद्यालयाच्या दवाखान्यात त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या शेकडो प्रयोगांची बेरीज केली असता हा परिणाम लहान आहे असे आढळते, पण तो नाही असे आढळत नाही. चार वेळा पंधरा मिनिटे, एक वही आणि एक पेन एवढ्या खर्चात मिळणारा लहान परिणामही अर्थशास्त्राच्या दृष्टीने लहान नसतो.

ओवीच्या अधिक जवळ जाणारा पुरावा लंडनचा आहे. बाळंतपणानंतर नैराश्याने ग्रासलेल्या १३४ मातांची २०१८ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. त्यांतील काही माता दहा आठवडे बाळांसह एकत्र बसून गाणी शिकल्या आणि रचल्या, काही माता बाळांना घेऊन एकत्र खेळल्या, तर काहींना केवळ नेहमीची काळजी मिळाली. दहा आठवड्यांच्या शेवटी तिन्ही गट बऱ्यापैकी सुधारले होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फरक पडला तो वेगात. ज्यांचे नैराश्य अधिक तीव्र होते त्यांच्यात गाणाऱ्या माता सहाव्या आठवड्यापर्यंतच लक्षणीय सावरल्या. महिन्याभराचे बाळ मांडीवर असलेल्या स्त्रीच्या आयुष्यात चार आठवडे म्हणजे काय, हे कोणाही सुईणीला विचारावे. विशेष म्हणजे नुसते एकत्र जमणे पुरेसे ठरले नाही. खेळाच्या गटालाही सोबत होतीच. गाणे ही सोबतीपेक्षा काही वेगळी गोष्ट आहे असे त्यातून दिसते. मराठी घरांत बारशाला पाळणा म्हणण्याची रीत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. ती बाळासाठी आहे असा सर्वांचा समज आहे.

पण पुरावा एकाच बाजूचा नाही. छिन्नमनस्कतेच्या ४१७ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आठवड्यातून एकदा, वर्षभर, सामूहिक कलोपचार देण्यात आला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत रुग्णांच्या व्यवहारक्षमतेत वा लक्षणांत त्यामुळे काही फरक पडला नाही. पुष्कळ रुग्ण सत्रांना फारसे आलेच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली तीन हजारांवर अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा आरोग्याला उपयोग होतो असा एकंदर निर्वाळा दिला, तरी त्या अभ्यासांचा दर्जा सारखा नाही. तात्पर्य, गंभीर मनोविकारात औषधांची जागा रंगपेटी घेणार नाही. गोळ्या बंद करून चित्रे काढा असे सांगणारा कोणी भेटल्यास त्याच्यापासून दूर राहावे. औषधोपचार, समुपदेशन आणि कुटुंबाचा आधार यांच्या जोडीला मात्र ही गोष्ट उभी राहू शकते, आणि ज्यांना विकार जडलेला नाही, केवळ ओझे झाले आहे, अशा असंख्यांना तर ती एरवीच्या आयुष्यातही हवी असते.

ती काम कशी करते, याविषयी शास्त्रज्ञांची मते अनेक आहेत, पण जात्यावरच्या बाईकडे पाहिले तरी थोडा उलगडा होतो. दुःखाला आकार नसतो तोवर ते घरभर पसरलेले असते. ओवीच्या चरणांत बसवावयाचे म्हटले की त्यातून काही निवडावे लागते, काही सोडावे लागते, यमक जुळवावे लागते. एवढा वेळ बाई दुःखाच्या आत नसते, त्याच्यावर काम करीत असते. हातांना लय असते. आणि समोर ऐकणारी असते, जी दाद देते पण गुण देत नाही. हा शेवटचा मुद्दा आजच्या काळात सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. आपल्याकडे निर्मितीचा कोणताही उपक्रम सुरू होताच त्याची स्पर्धा होते. महिला मंडळात रांगोळी काढली की परीक्षक येतात, शाळेत चित्र काढले की श्रेणी मिळते, आणि आता तर काढलेल्या प्रत्येक चित्राचे छायाचित्र फोनवरून जगापुढे ठेवून पसंतीच्या खुणा मोजल्या जातात. ज्या क्षणी दुसऱ्याच्या पसंतीचा हिशेब सुरू होतो त्या क्षणी आधाराची गोष्ट ताणाची होते. कित्येक प्रौढ माणसे 'मला चित्रकला येत नाही' असे आयुष्यभर सांगतात. ते मत त्यांचे नसते, चौथीतल्या एखाद्या प्रगतिपुस्तकाचे असते.

आता प्रश्न खर्चाचा. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगभूमी व संगीत यांच्या अर्थकारणावर लिहिताना एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. कारखान्यात यंत्रामुळे दरडोई उत्पादन वाढत जाते. परंतु चार वादकांनी मिळून वाजवावयाची रचना दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ मागत होती तितकाच आजही मागते. मजुरी तर सर्वत्र वाढते. म्हणून संगीत उत्तरोत्तर महाग भासत जाते. मनोविकारतज्ज्ञाचा किंवा समुपदेशकाचा पाऊण तास याच जातीचा आहे. रुग्णाचे ऐकणे दुप्पट वेगाने करता येत नाही. ज्या सेवेत माणसाचा वेळ हाच माल असतो ती बाजाराच्या भरवशावर सोडली की दोनच गोष्टी संभवतात. एक तर ती श्रीमंतांपुरती उरते, किंवा वेळ कापून तिचे नुसते नाव शिल्लक ठेवले जाते. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जो प्रकार चालतो तो दुसरा होय, आणि त्याचा दोष तेथे राबणाऱ्या डॉक्टरांकडे जात नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने २०१५-१६ साली दाखविले की दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून वंचित होते. ही पाहणी १२ राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही लक्षात ठेवावयास हवे.

या दरीकडे पाहून एखाद्या कल्पक अधिकाऱ्याला असे सुचण्याचा धोका आहे की, डॉक्टर महाग पडतात तर गाणी आणि चित्रे स्वस्तात वाटावीत. ही युक्ती आधीच ओळखून ठेवलेली बरी. विशेषतः ज्या दुःखाचे मूळ पैशात आहे त्यावर कलेचा लेप लावणे ही क्रूर थट्टा ठरेल. कापसाला भाव नाही, सावकाराचा तगादा आहे, बोअर आटले आहे, अशा शेतकऱ्याला रंगकामाच्या शिबिरास बोलावणे म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तर टाळणे होय. जात्यावरच्या ओवीनेही सासरचा जाच कमी केला नव्हता. तो सोसण्याचे बळ तिने दिले, आणि सोसण्याचे बळ मिळाल्याने जाच अधिक काळ टिकला असाही आक्षेप घेता येईल. तो आक्षेप खोटा नाही. परंतु त्याच ओव्यांत जाब विचारणाऱ्या ओव्याही आहेत. आपली व्यथा शब्दांत धरता आल्यावाचून ती कोणाच्या कानी घालता येत नाही. कर्जमाफी, भाव आणि पाणी यांची मागणी एका बाजूला आणि मन मोकळे करण्याची जागा दुसऱ्या बाजूला, यांत निवड करण्याचे कारण नाही. पहिली मागणी ज्याला मांडावयाची आहे त्याने तोवर जिवंत राहिले पाहिजे, आणि या राज्यात ही अतिशयोक्ती नाही.

मग शासनाने करावयाचे काय? नवे खाते, नवी योजना आणि तिला एखाद्या थोर पुरुषाचे नाव, हा मार्ग सोडून द्यावा. जे कायद्यात आधीच लिहिले आहे तेवढे पाहिले तरी पुष्कळ होईल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या शाळेत पट शंभराहून अधिक असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत असे स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात वेळापत्रकावर चित्रकला असते आणि त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग पुरा होतो. घरात वडिलांचे व्यसन आहे किंवा आई नाही अशा मुलाला आठवड्यातून ज्या एका तासाला न बोलता काही सांगता आले असते तो तास असा जातो. कलाशिक्षकाला उपचारक करावे असे येथे सुचवावयाचे नाही. त्याला शाळेत असू द्यावे, एवढेच.

दुसरी जागा ग्रंथालयांची. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली. यांपैकी पुष्कळांत वर्तमानपत्रे चाळणाऱ्या चार वृद्धांखेरीज कोणी फिरकत नाही. तेथे आठवड्यातून एक संध्याकाळ लिहिण्यासाठी, शिवण्यासाठी, भजनासाठी, ज्याला जे येते त्यासाठी उघडी ठेवावी आणि ती चालविणाऱ्या व्यक्तीस मानधन द्यावे. मानधन हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. नाही तर हेही काम आशा किंवा अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर जाईल आणि दुसऱ्याच्या मनाचा भार हलका करता करता तिच्याच मनाकडे पाहणारे कोणी राहणार नाही. बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर बायका अर्धा तास थांबतात, हसतात, एखादी गाणे म्हणते. बँकेच्या दृष्टीने तो वेळ वाया जातो. जात्याच्या जागी काही आले असेल तर ते या अर्ध्या तासात आले आहे.

तिसरी जागा सर्वांत अवघड. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत असे रुग्ण आहेत की ज्यांचा आजार आटोक्यात आला, पण ज्यांना घरी नेण्यास कोणी आले नाही. त्यांचा दिवस मोठा असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २० व्या कलमाने रुग्णाला फुरसत, करमणूक व शिक्षण यांच्या वाजवी सोयी मिळण्याचा हक्क दिला आहे. त्याच कलमाने हेही सांगितले आहे की रुग्णाकडून सक्तीने काम करून घेऊ नये आणि त्याने काम केल्यास त्याचा योग्य मोबदला द्यावा. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे निर्मिती आणि मजुरी यांतील सीमारेषा दिसते. दिवाळीपूर्वी रुग्णांनी केलेल्या पणत्या आणि पाकिटे मांडून विक्री होते, पाहुणे कौतुक करतात, छायाचित्रे छापून येतात. ते वाईट नाही. पण ती पणती त्या रुग्णाने आपल्या मनाने घडविली की ठरलेल्या संख्येसाठी रंगविली, आणि तिच्या विक्रीतले त्याच्या खात्यावर काय जमा झाले, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

व्यवसायोपचार विभागात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, रंग, कागद, सूत, माती व वाद्ये यांवर गेल्या तीन वर्षांत प्रत्येक रुग्णालयात प्रत्यक्ष किती खर्च झाला, दर रुग्णामागे आठवड्याला किती तास ही सोय उपलब्ध होती, आणि रुग्णांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीचा मोबदला कोणास मिळाला? विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात एखाद्या सदस्याने एवढा एक अतारांकित प्रश्न टाकावा, आणि उत्तर लेखी मागावे.